बाजारपेठ, टिळकवाडी, कॅम्प : बेळगावात एक दिवस कॅफे आणि दुकानं हिंडायची तर

निपाणी, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या बाजूचा माणूस बेळगावला येतो तो बहुतेक काम घेऊनच. दवाखाना, कोर्ट, लग्नाचा बस्ता, पोराची अ‍ॅडमिशन. काम उरकलं की कुंद्याचा, म्हणजे इथल्या आटवलेल्या दुधाच्या मिठाईचा, डबा घ्यायचा आणि गाडी पकडायची. हिंडायचं म्हणून गाव हिंडलं, असं फारसं कुणी करत नाही. कॉलेजची पोरं अलीकडे रील बघून कॅफेचं नाव पाठ करून येतात, रिक्षानं थेट दारात उतरतात, दोन तास बसतात आणि जातात. गाव त्यांनाही दिसत नाही.

कोल्हापूरची राजारामपुरी जशी एका दमात पालथी घालता येते तसं इथं जमत नाही. बेळगावची मजा तीन तुकड्यांत आहे आणि तिन्हींचं घड्याळ वेगळं. बाजारपेठेची वेळ सकाळी साडेदहा ते दीड, टिळकवाडीची दुपार ते संध्याकाळ, कॅम्पची दिवेलागणीनंतरची. हा क्रम उलटा केलात तर संध्याकाळी सातला खडेबाजारात गर्दीत घुसमटाल आणि सकाळी दहाला कॅफेच्या दारात उभं राहून आतली फरशी पुसून व्हायची वाट बघाल. खालचा सगळा बेत या घड्याळावर बांधलेला आहे.

आधी वार आणि महिना बघा

मंगळवार ते शुक्रवार उत्तम. रविवारी बाजारातली काही दुकानं बंद असतात, काही अर्धा दिवस चालतात, आणि कॅफेत मात्र पाय ठेवायला जागा नसते. हवेचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचावर आहे, त्यामुळे उन्हाळाही कोल्हापूर-सांगलीइतका भाजत नाही. जुलै-ऑगस्टचा पाऊस मात्र चालू देत नाही. त्या दिवसांत आलात तर बाजारपेठ सोडा आणि टिळकवाडीतच मुक्काम ठोका.

काही तारखा टाळायच्या. 1 नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका असतात आणि मराठी भाषकांचा काळा दिनही त्याच दिवशी, त्यामुळे बंदोबस्तात खरेदी होत नाही. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की लॉजचे दर चढतात, मोर्च्यांनी रस्ते अडतात. अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक आणि वैशाखातल्या शिवजयंतीनंतरची चित्ररथ मिरवणूक या दोन्ही रात्र काढतात. त्या बघायलाच यायचं असेल तर जरूर या, पण त्या दिवशी साडी बघायला येऊ नका.

पोचणं आणि गाडी ठेवणं

मध्यवर्ती बस स्टँडवर उतरलात तर बाजारपेठ चालत जाण्याइतकी जवळ आहे. रेल्वेनं आलात तर कॅम्प आणि टिळकवाडी जवळ पडतात, बाजारासाठी रिक्षा करा. मीटरच्या भरवशावर बसू नका, भाडं बसण्याआधी ठरवा.

बायकांसाठी एक फायद्याची गोष्ट. कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसमधून फुकट प्रवास आहे, गावातल्या सिटी बसमधूनही. कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. म्हणजे निपाणीची वहिनी फुकट येते आणि पलीकडच्या कागलची तिची बहीण तिकीट काढून येते. घरात यावरून चेष्टा चालतेच.

स्वतःची चारचाकी असेल तर ती गणपत गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायचा हट्ट करू नका. बापट गल्लीच्या पार्किंगला लावा आणि चाला. दुचाकीवाल्यांनीही वन-वे बघून घ्यावा, इथले पोलीस सीमेपलीकडच्या पासिंगच्या गाडीला जरा जास्तच प्रेमानं थांबवतात.

आणि पाट्यांबद्दल. कर्नाटकात 2024 च्या कायद्यानं दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड लागतं. कन्नड वाचता येत नसेल तर पाटी शोधत हिंडू नका, खुणा विचारा. बेळगावकर पत्ता खुणेनंच सांगतो: शनिवार खूट, गोवावेस, आरपीडी क्रॉस, दुसरं गेट. मराठीत विचारा, मराठीत उत्तर मिळतं. एखादा दुकानदार कन्नडमधून सुरू झाला तर "एष्टु री?" म्हणजे किती, "जास्ती आयतु" म्हणजे जास्त झालं, "कम्मी माडरी" म्हणजे कमी करा, एवढं पुरतं. ऐवत्तु पन्नास, नूरु शंभर. बाईमाणूस असेल तर अक्का, बाप्या असेल तर अण्णा; हे दोन शब्द दोन्ही भाषांत चालतात आणि भाव पाच-दहा रुपयांनी उतरवतात.

सकाळ: नाश्ता करा, मग बाजारात शिरा

नऊला पोचलात तर दुकानं उघडायला वेळ आहे. तेवढ्यात उडपी हॉटेलात बसून घ्या. कुठलं, हे मी सांगत नाही, कारण प्रत्येक बेळगावकराचं एक ठरलेलं असतं आणि त्यावरून भांडणं होतात. निवडायची खूण सांगतो. सकाळी साडेआठ-नऊला जिथं एकटे एकटे म्हातारे पेपर उघडून बसलेले दिसतील, तिथं शिरा. तो पेपर बहुधा 1919 साली इथंच निघालेला 'तरुण भारत' असेल. पड्डू, म्हणजे आपले अप्पे, गरम असतील तर तेच मागवा. नाहीतर इडली-वडा, सांबार बाजूला वाटीत.

कॉफी फिल्टरचीच. दोघं असाल तर "वन बाय टू" म्हणा, एका कॉफीचे दोन पेले येतात. आधी वास घ्या. डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधला कोरा अर्क, सकाळी ताजं उतरवलेलं असेल तर फेसाखाली तांबूस-तपकिरी रंग दिसतो आणि शेवटचा घोट कडवट लागला तरी जळका लागत नाही. सकाळचंच डिकॉक्शन दुपारपर्यंत गरम ठेवलं तर ते आंबूस होतं, म्हणून फिल्टर कॉफी सकाळीच प्यावी. दुपारची तहान नव्या कॅफेला ठेवा.

साडेदहाला खडेबाजार. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली एकमेकींना चिकटून आहेत. नकाशा बंद करा आणि हरवा, पाच मिनिटांत पुन्हा ओळखीच्या कोपऱ्यावर याल. कापड, भांडी, पूजेचं सामान, बांगड्या, सगळं इथंच. किराणा, मसाला, गूळ घाऊक घ्यायचा असेल तर रविवार पेठ. संकेश्वरी मिरची घ्यायचीच असेल तर तिथं घ्या, पण मूठभर हातात घेऊन देठ बघा: देठ हिरवट-पिवळा आणि ताठ असेल तर माल ताजा, काळपट आणि सुटा असेल तर गेल्या सालचा.

गणपत गल्लीत असताना सार्वजनिक वाचनालयात डोकावा. 1848 सालची संस्था आहे. तिथून किर्लोस्कर रोडला निघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढचा सगळा किर्लोस्करी कारखाना त्या दुकानातून उभा राहिला. आज त्या रस्त्यावर कपड्यांची आणि मोबाईलची दुकानं आहेत. थांबून बघण्यासारखं फारसं नाही, पण चालता चालता ठाऊक असलेलं बरं.

साडी घ्यायची असेल तर वेगळा तास काढा

बेळगावात घाईनं घेऊ नये अशी वस्तू एकच, ती म्हणजे शहापूर-वडगावची साडी. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं. मागावर बसणारी घरं तिथं आणि वडगावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आज बराच माल पॉवरलूमचा. त्यात वाईट काही नाही, रोज नेसायला ती साडी चांगलीच. फक्त हातमागाच्या भावात पॉवरलूम घेऊ नये.

इरकल पद्धतीची साडी दुकानदारानं गादीवर पसरली की काठ बघत बसू नका, आधी पदर मागा. खऱ्या हातमागाच्या इरकलीत अंगाचा ताणा (म्हणजे उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगवेगळा असतो आणि दोन्ही एकमेकांत फासे अडकवून जोडलेले असतात. अंग संपून पदर सुरू होतो त्या रेघेवर अंगठा फिरवा, बारीक उंचवटा लागतो. साडी उलटी करा, तिथंही ती जोडाची रेघ दिसली पाहिजे. एकाच ताण्यावर सलग विणून नुसता रंग बदललेला असेल तर अंगठ्याला काही लागत नाही. मग काठ: गोमी, चिक्की पारस, रुईफूल. हे शब्द उच्चारले की दुकानदार वरच्या फळीवरचा माल खाली काढतो. रेशीम म्हणून दाखवलं तर पदराच्या टोकाचा एक धागा मागा आणि जाळा. खरं रेशीम केस जळल्यासारखं वास देतं आणि राख चुरगळते, नकली वितळून गोळा होतो. खात्रीचा दुकानदार नाही म्हणत नाही. जो नाही म्हणतो, तिथून उठा. "उद्या घरच्यांना घेऊन येतो" म्हटलं की कुणी वाईट वाटून घेत नाही.

घासाघीस कुठं करायची? जिथं गादी आहे तिथं करा. जिथं काच, एसी आणि बारकोड आहे तिथं तोंडाची वाफ दवडू नका.

दुपार: भाकरी, मग टिळकवाडी

दीडला बाजार सोडा. काही जुनी दुकानं दुपारी शटर अर्धं ओढतात, मालक जेवायला घरी जातो. तुम्हीही खानावळ गाठा. ज्वारीची भाकरी, एणगाई म्हणजे भरलं वांगं, शेंगाची चटणी, वर दही. मांसाहारी असाल तर सावजी. जड जेवू नका, पुढं कॅफेत बसायचं आहे.

आता रिक्षानं टिळकवाडी. इथं पेठांना वारांची नावं आहेत, शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ, आणि रस्ते बाजारपेठेपेक्षा सरळ, सावलीचे. रेल्वेचे रूळ या भागाला कापत जातात. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट हेच इथले पत्ते. तिसऱ्या गेटवर आता पूल आहे, पण बाकीकडे फाटक पडलं की थांबावंच लागतं. म्हणून सोपा नियम: रुळांच्या एका बाजूचं सगळं आधी उरका, मगच पलीकडे जा. ही दुकानं आणि ते कॅफे असा उड्या मारत बेत केलात तर निम्मी दुपार फाटकावर जाईल.

चालायला सुरुवात आरपीडी क्रॉसवरून करा. आरपीडी म्हणजे राणी पार्वतीदेवी कॉलेज, तिथं पु. ल. देशपांडे काही काळ शिकवत होते. आज त्याच कॉलेजच्या आसपासची पोरं इथल्या कॅफेंची गिऱ्हाईकं आहेत. देशमुख रोडच्या बाजूनं आतल्या गल्ल्यांत शिरा. जुने कौलारू बंगले, जांभ्या दगडाचं कंपाउंड, आवारात आंबा. यातल्या काही घरांच्या ओसरीवर आता केकचं दुकान, कपड्यांचं बुटीक, नाहीतर कॉफीची मशीन बसली आहे. मला विचाराल तर काचेच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या कॅफेपेक्षा ही ओसरीवरची बरी. वारा असतो, आवाज कमी असतो आणि आजोबांना जिना चढावा लागत नाही.

वाटेत काँग्रेस विहीर आणि वीरसौध बघून घ्या. 1924 च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन. पाण्याची सोय म्हणून तेव्हा विहीर खोदली, काँग्रेस रोड हे नावही तिथूनच. अर्ध्या तासात होतं.

कॅफेत बसायचं कसं

वेळ अडीच ते साडेचार. बहुतेक लोक संध्याकाळी कॅफेत जातात आणि तिथंच चुकतं. पाचनंतर कॉलेज सुटतं, सहाला क्लास सुटतो, मग वाढदिवसाचे केक आणि मोठ्यानं गाणी. दुपारी कोपऱ्यातलं टेबल मिळतं, मशीनवरचा पोरगा निवांत असतो, चार प्रश्न विचारता येतात.

काय विचारायचं? बिया कुठल्या. देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकातच पिकते, चिक्कमगळूर आणि कोडगूत. एवढ्या जवळ राहून "चांगली कॉफी" एवढंच उत्तर देणारा कॅफे असेल तर कॅपुचिनोवर पैसे घालू नका, सरळ कोल्ड कॉफी घ्या, त्यात आइस्क्रीम सगळं झाकतं. नीट उत्तर आलं तर पहिल्यांदा साधी, बिनसाखरेची अमेरिकानो किंवा फ्लॅट व्हाइट घ्या. किंमत सकाळच्या फिल्टर कॉफीच्या बऱ्याचदा पाच-सहा पट असते. ती जागेची किंमत आहे, हे समजून बसावं. म्हणूनच एक कॉफी घेऊन तासभर बसायला लाजू नका, पण चार जणांत एक कॉफी घेऊन तीन तास लॅपटॉप उघडून बसणं हा मालकावर अन्याय आहे. वन बाय टू इथं चालत नाही.

मेनूत पास्ता, पिझ्झा, मोमो, मंचुरियन, पावभाजी असं सगळं दिसलं तर ओळखा की स्वयंपाकघरात फ्रीझर मोठा आहे. ज्याची यादी एका पानाची, तिथं खा. अंड्याचं चालत नसेल तर केक एगलेस आहे का हे आधीच विचारा, काचेमागे सगळे सारखेच दिसतात. वडीलधारे बरोबर असतील तर खुर्ची बघा: खाली रुतणाऱ्या बीनबॅगवरून सासूबाईंना उठवताना दोघं लागतात.

बिल वाचा. रेस्टॉरंटला पाच टक्के जीएसटी लागतो, तो ठीक. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो सक्तीचा नाही, काढायला सांगता येतो. नम्रपणे सांगा, काढतात.

कॉफी आवडली आणि पावडर घरी न्यायची असेल तर पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते बघा. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी लागते. दुधाच्या कॉफीला सत्तर-तीस चांगली. फिल्टर भांडं बाजारपेठेतल्या भांडीवाल्याकडे मिळतं, कॅफेत विकत घेऊ नका.

पाचच्या सुमारास कॅफे सोडा आणि टिळकवाडीतली छोटी दुकानं बघा: बेकरी, रोपवाटिका, शिवणवाल्या बायकांची बुटीकं, वह्या-पेनांची दुकानं. रोख थोडी जवळ ठेवा, शंभर-पन्नासच्या नोटा. यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं, पण रेंज गेली की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

संध्याकाळ: कॅम्प आणि कुंदा

कॅम्प म्हणजे लष्करी छावणी. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच. झाडं मोठी, रस्ते रुंद, दुकानं मोजकी. इथं फार वेळ लागत नाही. एक चक्कर मारा, बेकरीतले खारे बिस्कीट घ्या. लष्करी आवारात फोटो काढू नका, जवान अडवतो आणि ते बरोबरच आहे.

कुंदा सगळ्यात शेवटी घ्यायचा. सकाळी घेतलात तर दिवसभर पिशवीत उन्हात फिरतो. कॅम्प पुरोहितचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, गावात आणखीही जुने मिठाईवाले आहेत. कुठंही घ्या, पण चाखून घ्या. संवाद असा होतो:

"आजचा हाय काय हो?"

"सकाळचाच हाय. चाखून बघा की."

पळसाच्या पानावर नाहीतर कागदाच्या कपटावर चमचाभर येतो. तोंडात टाकल्यावर आधी खरपूस दूध लागलं पाहिजे आणि मग साखर. आधी साखर लागली तर पुढच्या दुकानात जा. दूध आणि खवा तासन्‌तास आटवताना जो तपकिरी रंग येतो तो सगळीकडे सारखा नसतो: काठाशी गडद, मध्ये फिका असा डाग-डाग असलेला कुंदा मला आवडतो, एकसारखा रंग दिसला की मन साशंक होतं. दाणे हाताला लागावेत, पण खडे नकोत. घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवलात तर घट्ट होतो, खायच्या आधी किंचित कोमट करा. चार-पाच दिवसांत संपवा.

मांडे मिळाले तर तेही घ्या. पालथ्या भांड्यावर भाजलेले, आत साखर-खसखस, रुमालासारखी घडी. पण ते सपाट डब्यात मांडीवर ठेवून न्यायचे, बसच्या रॅकवर टाकलेत तर घरी चुरा पोचतो. गोकाकचा करदंट, म्हणजे सुकामेवा आणि डिंकाची मिठाई, बेळगावातही मिळतो, तो मात्र कसाही आदळला तरी काही होत नाही, म्हणून पिशवीत सगळ्यात खाली तो, वर कुंद्याचा डबा, साडी त्याच्यापासून लांब दुसऱ्या पिशवीत. चंदगड आणि खानापूरच्या आतल्या गावांना जाणाऱ्या शेवटच्या गाड्या लवकर सुटतात, त्यांची वेळ सकाळी उतरल्या उतरल्याच चौकशीच्या खिडकीवर विचारून ठेवा.